कंबर आणि गुडघा यांच्या मधलं

“ओटीपोट नही म्हणानं वं बाई. कंबर म्हणानं. कंबर बठ्ठासनी दुखस. कंबरले काई लाज नही.”

सासूबाई भिकुबाईंनी कोकिळाला हे सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा धाकटी सव्वा महिन्याची होती. सांगताना सासूबाई मेथी निवडत होत्या आणि त्यांनी आवाज इतका खाली आणला होता, की मेथीलाही ऐकू जाऊ नये. कोकिळा मोठ्यांचा शब्द मोडणाऱ्यांतली नव्हती. रोज सकाळी तुळशीला पाणी, गुरुवारी मीठ नाही, चतुर्थीला चंद्र पाहिल्याशिवाय घास नाही, आणि त्या दिवसापासून ओटीपोट नाही. हा चौथा नेम पहिल्या तिन्हींपेक्षा कडक पाळला गेला. चतुर्थी एकदा ढगांमुळे चुकली होती.

दुखणंही तिच्याइतकंच नेमाचं होतं. सकाळी उठताना नसायचं. दहाला कार्यालयात उभी राहिली की सुरू व्हायचं. दुपारपर्यंत पोटाच्या तळाशी कुणी भिजलेलं घोंगडं घडी करून ठेवावं तसं जड व्हायचं, आणि संध्याकाळी ओट्याशी भाकरी थापताना त्या घोंगड्यावर कुणीतरी बसायचं. आडवं झालं की मात्र पंधरा-वीस मिनिटांत ओसरायचं. या शेवटच्या गुणानंच घात केला. बाई आडवी झाली की जे थांबतं, त्याला चाळीसगावात दुखणं म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो शेजारच्या लिलाबाईंनी भिंतीवरून दोनदा वापरून झाला होता.

अर्थात उपचारांत कसूर झाली नाही. कंबर सांगितली होती, तर कमरेचं सगळं झालं. पट्टा झाला, शेक झाला, तीन तऱ्हेची तेलं झाली. एका डॉक्टरांनी ‘कठीण अंथरुणावर झोपा’ म्हटल्यावर नवऱ्यानं, म्हणजे कुंदननं, न्हाणीघराचं दार काढून पलंगावर टाकलं. न्हाणीघराला पडदा लागला. कंबर, जी कधी दुखतच नव्हती, ती दारावर झोपून आठवड्याभरात खरोखर दुखू लागली. घरात सर्वांना समाधान वाटलं, की निदान अचूक होतं.

कोकिळा तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होती. तिला दिवसभर उभं राहावं लागे, कारण तिची खुर्ची निर्लेखित झाली होती, म्हणजे सरकारी मोडीत निघाली होती. सहा वर्षांपूर्वी खुर्चीचा एक पाय निखळला. नियमाप्रमाणे पायासह खुर्ची निर्लेखित झाली, आणि नवीन खुर्ची येईपर्यंत ‘कर्मचाऱ्याने पर्यायी व्यवस्था करावी’ असा शेरा पडला. कोकिळाकडे स्वतःचे दोन पाय होते. तीच पर्यायी व्यवस्था धरली गेली.

शेवटी तिनं खुर्चीसाठी अर्ज केला. मुख्य लिपिक तोताराम नाना मनानं वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांच्या मनाला परिशिष्टं फार होती.

“ताई, प्रकृतीच्या कारणावरून खुर्ची पाहिजे ना? मग नमुना ‘फ’ भरा. दुखण्याच्या जागेवर खूण करा,” त्यांनी कागद पुढे केला.

कोकिळानं यादी वाचली. एक डोके, दोन डोळे, तीन दात, चार मान, पाच छाती, सहा पोट, सात कंबर, आठ गुडघा, नऊ पाऊल, दहा इतर (फक्त वाहनचालकांसाठी).

ती थोडा वेळ सात आणि आठ यांच्या मधल्या पांढऱ्या रेघेकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “नाना, मधलं कुठे लिहायचं?”

“कशाच्या मधलं?”

“सात आणि आठच्या.”

नानांनी चष्मा वर केला, यादी पाहिली, चष्मा खाली केला. “मधे काही नाही ताई. सातनंतर डायरेक्ट आठ. तीस वर्षं हा नमुना चालू आहे. कोणाचीच तक्रार नाही.”

कोकिळानं सातवर खूण केली.

अर्ज ‘विभागीय प्रकृती पडताळणी समिती’कडे गेला. चार महिन्यांनी समिती स्वतः आली. तीन सदस्य होते, आणि तिघेही खुर्च्यांवर बसले. कर्मचाऱ्याला तपासायला टेबल पाहिजे, म्हणून आवक टेबलावरचे गठ्ठे खाली उतरवले, कोकिळाला त्यावर झोपवलं आणि समितीनं शिस्तीत चहा घेतला. चहाला वीस मिनिटं लागली.

“हं, बाई. दुखतंय का?” अध्यक्षांनी कप ठेवत विचारलं.

कोकिळा खोटं बोलत नसे. त्यात तो गुरुवार होता. “आत्ता नाही, साहेब.”

“आत्ता नाही म्हणजे?”

“झोपल्यावर थांबतं.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या पडताळणीत इतका स्वच्छ कबुलीजबाब त्यांना मिळाला नव्हता.

“आणि उभं राहिल्यावर?”

“उभं राहिल्यावर दुखतं. मी उभी राहून दाखवू?”

“उभं राहून तपासणी होत नसते, बाई,” दुसरे सदस्य दयाळूपणे म्हणाले. “तपासणी म्हटली की रुग्ण आडवा पाहिजे. तसा प्रघात आहे.”

अहवाल महिन्याभरात आला. आवक लिपिक या नात्यानं तो कोकिळानंच नोंदवून घेतला, उभ्यानं. “सदर महिला कर्मचारी झोपलेल्या अवस्थेत पूर्णतः निरोगी आढळून आली. सबब खुर्चीची आवश्यकता दिसून येत नाही. कर्मचाऱ्याने कार्यालयीन वेळेत, झोपल्यावर जसे वाटते तसे वाटून घेत, उभे राहून काम करावे. अनुपालन अहवाल दर शनिवारी सादर करावा.”

कोकिळानं आठ शनिवार अनुपालन अहवाल सादर केला. त्यात ती लिहायची, “प्रयत्न चालू आहे.”

नवव्या शनिवारी आवकमध्ये एक पत्र आलं. जळगावच्या एका दवाखान्यात महिलांसाठी तपासणी शिबिर होतं, कार्यालयातल्या महिलांना कळवावं, अशी विनंती होती. कार्यालयात महिला एकच होती. कोकिळानं पत्र नोंदवलं, स्वतःला कळवलं, पोच म्हणून स्वतःची सही घेतली आणि रविवारी कुंदनला घेऊन जळगावला गेली.

डॉक्टर प्राची पस्तिशीच्या, बोलायला मऊ आणि बघायला धारदार होत्या.

“काय त्रास?”

“कंबर,” कोकिळा म्हणाली. अकरा वर्षांत हा शब्द जपासारखा तोंडात बसला होता.

“बोट ठेवून दाखवा.”

कोकिळाचं बोट कमरेवर गेलं. तिथे थोडं थांबलं. मग एखादी बाई देवळातून निघून भलत्याच गल्लीत वळावी, तसं खाली पुढे सरकत ओटीपोटावर जाऊन टेकलं.

“ही कंबर?”

“आमच्याकडे हिलाच कंबर म्हणतात,” कोकिळा म्हणाली आणि तिला एकदम रडू आलं. कुंदन भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. ते औषध कंपनीचं होतं आणि वर्षापूर्वीचं होतं, तरी त्यानं सगळे महिने वाचले.

डॉक्टरांनी विचारलं, उभं राहिल्यावर वाढतं का, संध्याकाळी जास्त का, पाळीच्या आधी जास्त का, बाळंतपणानंतर सुरू झालं का. कोकिळा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेली आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, या बाईंना कुणीतरी आपल्या घरातलं आधीच भेटून गेलेलं असणार. झोपवून सोनोग्राफी झाली. मग डॉक्टर म्हणाल्या, “आता उभ्या राहा.”

“उभी?”

“दुखणं उभं राहिल्यावर येतं ना? मग त्याला उभ्यानंच भेटायला हवं.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी तिचं दुखणं कामाच्या वेळेत भेटायला आलं होतं. पडद्यावर ओटीपोटाच्या शिरा दिसल्या, वेलीवर राहून गेलेल्या गिलक्यांसारख्या फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या.

“शिरांच्या आत झडपा असतात,” डॉक्टर कुंदनला समजावू लागल्या. “रक्त वर हृदयाकडे जातं, ते परत खाली येऊ नये म्हणून. यांच्या झडपा ढिल्या झाल्यात. उभं राहिलं की रक्त उलटं येऊन खाली साठतं. झोपलं की उतरतं.”

कुंदनचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. तो कॅलेंडर सोडून वळला. “म्हणजे पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गेलाय?”

“बरोबर.”

“तरीच!” तो पांढराफटक पडला. “मॅडम, अख्ख्या तालुक्याचे फूट व्हॉल्व्ह मी आवाजावरून ओळखतो. घरात अकरा वर्षं गळतोय आणि मी पलंगावर दार टाकतोय!”

“दार?”

“ते जाऊ द्या. आता काय करायचं?”

डॉक्टरांनी सांगितलं. मानेजवळच्या शिरेतून केसासारखी बारीक नळी आत न्यायची, पडद्यावर बघत खालच्या खराब शिरेपर्यंत पोहोचायचं आणि तिथे छोट्या कॉइल बसवून ती शीर बंद करायची. रक्त चांगल्या शिरांनी जातं. फक्त टोचायच्या जागी भूल. दुसऱ्या दिवशी घरी. बहुतेकींना आराम पडतो, सगळ्यांना नाही, आणि फरक कळायला काही आठवडे लागतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

“कॉइल,” कुंदन म्हणाला. हा शब्द त्याच्या गावचा होता. “तांब्याची?”

“प्लॅटिनमची.”

कुंदननं कोकिळाकडे पहिल्या भेटीनंतर प्रथमच इतक्या आदरानं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी आली. “टाके किती पडतील?”

“एकही नाही. सुईएवढं भोक.”

“एकही नाही?” तो खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, “मॅडम, मग लोकांना काय सांगायचं?”

डॉक्टरांना हा प्रश्न समजला नाही. त्यांचं शिक्षण बाहेर झालं होतं.

उपचार झाला. कोकिळा दुसऱ्या दिवशी घरी आली, मानेजवळ एक छोटी चिकटपट्टी घेऊन. आठवडाभर विश्रांती सांगितली होती. त्या एका आठवड्यावर आता सगळं येऊन ठेपलं होतं. तो मिळाला तर अकरा वर्षांचं सार्थक होतं. नाहीतर उद्यापासून पुन्हा आवक टेबलाशी उभं राहायचं आणि घरी ओट्याशी.

त्यांच्या गल्लीत माणसाचा मान टाक्यांवरून ठरत असे. लिलाबाईंना पित्ताशयाच्या वेळी चौदा पडले होते. तेव्हापासून हळदीकुंकवाला त्यांना पहिली खुर्ची मिळे. नऊ टाक्यांची एक बाई त्यांच्यानंतर बसे. सिझेरियनवाल्या सतरंजीवर. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, टाके पाहायचे, ‘अरे बापरे’ म्हणायचं आणि शहाळं ठेवून यायचं, असा क्रम होता. क्रमातला मधला भागच नसेल तर पुढे काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लिलाबाई पहिल्या दिवशीच आल्या. शहाळं मांडीवर धरून बसल्या.

“कितला टाका वं कोकिळा?”

“एकही नाही, काकू.”

“नही म्हंजे, दखाडत नही का पडना नहीत?”

“पडले नाहीत. इथून सुई घातली,” कोकिळानं मान दाखवली.

लिलाबाईंनी मान पाहिली. मग कंबर पाहिली. दोन्हींमधलं अंतर त्यांनी डोळ्यांनी मापलं. “कंबर आठे, सुई तठे! मंग कसानं ऑपरेशन ते?” त्या उठल्या, भिकुबाईंना म्हणाल्या, “अक्का, सून सुखी शे तुनी,” आणि शहाळं घेऊन गेल्या.

इकडे रजेचा अर्ज नानांच्या टेबलावर पोहोचला होता. नानांचा फोन आला.

“ताई, अभिनंदन. पण अडचण आहे. शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती प्रति टाका दीड दिवस. आपले टाके शून्य. शून्य गुणिले दीड. मी तीनदा करून पाहिलं.”

“नाना, डॉक्टरांनी सात दिवस लिहिलंय.”

“डॉक्टरांनी दिवस लिहिलेत. टाके लिहिले नाहीत. दुसरी गोष्ट. नमुना ‘फ’मध्ये तुम्ही कंबर म्हटलं, म्हणजे अनुक्रमांक सात. सुई घातली मानेत, अनुक्रमांक चार. म्हणजे छाती आणि पोट, पाच आणि सहा, यांच्या कार्यक्षेत्रातून नळी गेली. कोणाचंही ना-हरकत जोडलेलं नाही. शिवाय ती पोहोचली कुठे, तर तुम्ही म्हणता सातच्या खाली. तिथे तर आपल्याकडे काही नाहीच! उद्या दहाला हजर व्हा, ताई. खुलासा सोबत आणा.”

कोकिळानं फोन ठेवला आणि तुळशीकडे पाहिलं. तुळशीला आज पाणी घालायचं राहिलं होतं. ती उठू लागली, तर मागून सासूबाईंचा हात खांद्यावर आला.

“बैस तू,” भिकुबाई म्हणाल्या. त्यांनी आधी तुळशीला पाणी घातलं. मग ट्रंक उघडली, जुनं नऊवारी लुगडं काढलं, ते फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि सुनेच्या कमरेला गुंडाळायला सुरुवात केली. छातीखालून सुरू केलं ते मांड्यांपर्यंत आणलं. तरी लुगडं उरलं, म्हणून पुन्हा वर नेलं. हळदीचे चार ठिपके पाडले. शेवटी कोकिळा नुकत्याच बांधलेल्या पाण्याच्या टाकीसारखी दिसू लागली.

“आई, हे खोटं होईल.”

“तू काई बोलू नको. आज तुनं मौन शे. तुनं बठ्ठं मी बोलसू.”

पट्टीनं तासाभरात काम केलं. खिडकीतून पट्टी दिसताच लिलाबाई परत आल्या, या वेळी दोन शहाळी घेऊन, आणि सकाळी आपल्याला नीट दिसलं नव्हतं, मोतीबिंदू असावा, असं म्हणाल्या. संध्याकाळी गल्ली रांगेनं आली. नऊ टाक्यांच्या बाईंनी स्वतःहून जागा सोडली. दुसऱ्या दिवशी खुद्द तोताराम नाना प्रत्यक्ष पाहणीला आले. पट्टी पाहून त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. तिथे ते नेहमीच काढत, पण या वेळी जरा जास्त लांब काढल्या.

“अरे बापरे,” ते म्हणाले. “अक्का, किती टाके?”

“मोजाना प्रश्नच उना नही,” भिकुबाई शांतपणे म्हणाल्या, आणि यात खोटं काहीच नव्हतं.

नानांनी पट्टीची रुंदी नजरेनं घेतली. “बावीस धरतो. तेहतीस दिवस. आणि ताई, खुर्चीचंही बघतो. एवढ्या पट्टीच्या माणसाला उभं ठेवणं कार्यालयाला शोभत नाही.”

तेहतीस दिवस कोकिळानं विश्रांती घेतली. पाचव्या आठवड्यात एका दुपारी ती तासभर उभी राहून कपडे वाळत घालत होती. शेवटचा टॉवेल घालताना तिच्या लक्षात आलं, की घोंगडं आज आलंच नाही. पूर्ण नाही गेलं, पण कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरी जाऊन बसल्यासारखं वाटत होतं. ती ओल्या दोरीला धरून तशीच थांबली.

कार्यालयात खुर्ची आली होती. पुढे प्रकृती सुधारल्याचा दाखला मिळताच ती खुर्ची ‘गरज संपुष्टात’ म्हणून नानांच्या पिशवीकडे वर्ग झाली. ते असो.

कपडे वाळत घातले त्याच दुपारी भिकुबाईंनी सुनेची पट्टी सोडली. लुगड्याचे वेढे निघत गेले. आत काहीच नव्हतं, एक साधी, धडधाकट बाई होती.

“उभं ऱ्हायनी व्हतीस तू,” भिकुबाई म्हणाल्या. “दुखनं का?”

“नाही, आई. फारसं नाही.”

भिकुबाई पट्ट्यांची घडी घालत राहिल्या. “माले बी व्हतं. कंबर. वीस वर्सं. पाळी गई, मंग कंबर बी गई. मनी सासूनी सांगेल व्हतं, कंबर म्हणानं. मी तुले सांगं.” त्यांनी घातलेली घडी पुन्हा मोडली. “आणि दीपमालाले बी.”

दीपमाला म्हणजे त्यांची मुलगी, धुळ्याला दिलेली. दोन लेकरं, आणि मागच्या दिवाळीला ओट्याशी उभी असताना कमरेवर हात ठेवून असायची. तिनं चार तऱ्हेची तेलं आणली होती. भिकुबाईंनीच पत्ता दिला होता.

“फोन करू का तिला?” कोकिळा म्हणाली.

“फोनवर ते नाव घेवावनार नही माले.” भिकुबाईंनी देव्हाऱ्याकडे, कानबाईच्या नारळाकडे हात जोडले. “कानबाईनी आन. मी सोता जासू. मीच सांगेल व्हतं, मीच मना शब्द पाछा लिसू.”

इथे काही वाचकांच्या मनात अजूनही असेल, की टाका एकही नाही म्हणजे दुखणं तसं बेताचंच असावं. त्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात एक चक्कर मारून यावी. ओट्याशी जी उभी असेल, तिला विचारावं, कुठे दुखतं. ती ‘कंबर’ म्हणेल. त्यावर तेल लावायला सांगून परत येऊन बसलात, तर तोताराम नानांच्या जागेसाठी आपला अर्ज आपोआप दाखल झाला असं समजावं. नमुना ‘फ’ लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाईंनी तुळशीला पाणी घातलं, डॉक्टर प्राचींची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि धुळ्याच्या गाडीसाठी निघाल्या. दारातच लिलाबाई भेटल्या.

“कोठे निघनी वं अक्का, इतली सकाळी?”

भिकुबाईंचे ओठ सवयीनं ‘कंबर’साठी जुळले. मग सुटले. त्या फाटकाची कडी हळूच लावून घेऊन स्टेशनच्या वाटेला लागल्या आणि कोपऱ्यापर्यंत ‘ओटीपोट’ हा शब्द, जपासारखा, तोंडातल्या तोंडात बसवत गेल्या.